नावेच्या बुडाचा लाल रंग

माझं माहेर हसनाबादकडचं. तिकडं पाणी म्हणजे विहिरीतलं, दोराने वर ओढायचं आणि घागरीत गप्प बसवायचं. मला दिलं ते गोदाकाठी, नाव चालवणाऱ्या घरात. लग्न झाल्या दिवसापासून पोटात भीतीचा गोळा होता, आणि वर पैठणला धरणाचं काम चालू होतं त्या वर्षांतल्या एका पावसाळ्यात त्याच पोटात मूलही होतं. दोघांना एकत्र सांभाळणं काही सोपं नव्हतं.

सुईणीने हात फिरवून सांगितलं होतं की बाळ पायाळू आहे, घरी बाळंत व्हायचं नाव काढू नका. दवाखाना पलीकडच्या तीरावर, पक्क्या सडकेला लागून. आमच्या बाजूला पाऊस पडला की काळ्या मातीचा असा राडा व्हायचा की गाडी आसापर्यंत रुतायची. म्हणजे मला न्यायचं तर नावेनेच. आणि नावेचं बूड आमच्या ह्यांनी त्याच उन्हाळ्यात बिघडवून ठेवलं होतं.

आमच्या घरची रीत अशी. उन्हाळ्यात नाव वाळूवर पालथी घालायची, फळ्यांच्या फटींत सणाचे, म्हणजे तागाचे, धागे ठासून वर डांबर भरायचं. मग टाच दाबली तरी चिकटू नये इतकं ते वाळू द्यायचं. त्यानंतर घरातल्या बायकांनी कवेलाच्या, म्हणजे कौलाच्या, तुकड्याने सगळं बूड घासायचं आणि वर जवसाच्या तेलात उकळलेली राळ चोळायची. मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्यावरून हाताची मागची बाजू फिरवायचे. कुठं अडखळली की पुन्हा घासा. एवढं करून दिसायचं काय, तर चिखलातून उठलेल्या म्हशीची पाठ. येणारेजाणारे हसायचे. मामंजी म्हणायचे, "बूड पाण्यानं बघायचं असतंय, मान्सानं न्हाई."

पण त्या वर्षी माणसंच बघायला येणार होती. नावेचा ठेका द्यायच्या आधी तालुक्याचे साहेब नावा तपासणार होते, आणि आमची तर पालथी पडलेली. त्यांना दिसणार ते बूडच. वरच्या घाटवाल्यांनी आपल्या नावेला निळा रंग दिल्याची बातमी आली आणि ह्यांची झोप उडाली. ठेका गेला असता तर घर बसलं असतं, ते काही खोटं नव्हतं. हे जालन्याला जाऊन लाल तेलरंगाचे डबे घेऊन आले. डांबर अजून ओलं होतं. मामंजींनी टाच दाबून दाखवली, टाचेला काळा ठसा आला. साहेब दुसऱ्या दिवशी सकाळीच येणार होते. ह्यांनी रंग फासला.

साहेबांनी नावेला एक चक्कर मारली, वा म्हटलं आणि ठेका आमच्याकडेच राहिला. गावाला आनंद झाला. मलाही झाला, कशाला खोटं बोलू; कवेलाने घासून घासून हात सोलायचे वाचले होते.

पाण्यात गेल्यावर त्या नटवीचे रंग दिसायला लागले. आतलं डांबर मऊच होतं. वरच्या रंगाला दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या, मग पोपडे सुटले, आणि एकेक पोपडा पाणी धरून ठेवायला लागला. नाव जड झाली. आता कमी पाण्यात नाव जड चालली तर वल्हं मारणाऱ्याचे खांदे दुखतात, बस. पण पुरात नाव जितकी सावकाश जाईल तितकी पाणी तिला खाली ओढून नेतं, आणि पलीकडच्या घाटाच्या थोडं खाली खडकांची रांग होती. मी रोज काठावर उभी राहून बघायची. प्रत्येक खेपेला नाव खडकांच्या जरा जास्तच जवळ लागलेली दिसायची. जेवण जाईना, झोप येईना.

मामंजी लेकाला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, कारण मग मलाच बोलावं लागलं. "मला रंगात बसून मिरवायचं न्हाई," मी ह्यांना म्हटलं, "मला पलीकडं जित्तं जायचंय."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी सकाळी गावातली माणसं गोळा केली, नाव काठावर ओढली, उजव्या कुशीवर पाडली आणि खुरपं घेऊन हे रंग खरवडायला बसले. डावी बाजू झाली. आता उलटवून दुसरी घ्यायची, तोच मला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून अवकाश होता. नदी गढूळ होऊन पायरी पायरीने वर चढत होती.

तशीच अर्धवट नाव पाण्यात ढकलली. हे वल्ह्यावर, मामंजी सुकाणूवर, मी मधे गोधडीवर. एक बाजू गुळगुळीत आणि एक खरबरीत, त्यामुळे नावेचं तोंड सारखं खरबरीत बाजूला, उजवीकडे वळायचं. उजवीकडून पूर येत होता. नाव पुराकडे तोंड करून राहिली म्हणूनच खाली वाहून गेली नाही. खडक मला डोळ्यांनी दिसत होते. आम्ही त्यांच्या अलीकडे लागलो.

मला उचलून नेताना मामंजी ह्यांना म्हणाले ते मी ऐकलं. "परत जाताना ही खरबरीत बाजू खालच्या अंगाला येती. तोंड सीधं खडकावर जाईन. दुसरी बाजू खरवडल्याबिगर न्हाई जायचं, बिलकुल." आमच्या गावचे बाजारकरू घाटावर अडकून पडले होते. पाणी अजून चढायच्या आत जल्दी सोडा म्हणून ते ह्यांच्या मागे लागले. आणि ह्यांना कोणाला नाही म्हणता येत नाही, हा ह्यांचा जन्माचा रोग.

दवाखाना घाटाच्या वरच होता. खिडकीतून खुरप्याचा आवाज यायला लागला, खर्र, खर्र. मला हायसं वाटलं. तो आवाज आहे तोवर माणूस या काठावर आहे. नर्सबाई म्हणत होत्या, ओरडा, दाबून ठेवू नका. मी ओरडत होते आणि मधेमधे कान देत होते. मग एक कळ ओसरून मी थांबले, तर खुरप्याचा आवाज ऐकू येईना. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला, श्वास रोखला, ऐकलं. नुसतं पाणी. मला वाटलं, गेला. भिडेपायी गेला, अर्धवट नाव घेऊन. नर्सबाई घाबरल्या, म्हणाल्या, काय झालं, बोला. मी हाताने खिडकी दाखवली. घाटावर नाव आहे का ते बघा, इतकंच बोळ्यातून कसंबसं म्हटलं.

नर्सबाई खिडकीकडे निघाल्या, पण दाराशीच थांबल्या. बाहेर कोणाशी तरी बोलल्या आणि परत आल्या.

"नाव तिथंच पडलीय," त्या म्हणाल्या. "तुमचा माणूस दारात उभा आहे, खुरपं हातात घेऊन. विचारतोय, तिचं ओरडणं बंद का झालं."

मी पदर तोंडातून काढला आणि ओरडले, ह्यांना ऐकू जाईल असं. जरा वेळाने खुरपं पुन्हा चालू झालं, आणि लेक होईपर्यंत थांबलं नाही.