गणपतीच्या हातातली मिरची

सकाळी बघते तर खिडकीतली माझी मिरचीची आणि टोमॅटोची सगळी रोपं माना टाकून आडवी पडलेली, आणि नेमकी तेव्हाच हमरापूरहून माझी धाकटी जाऊ दारात उभी. पेणपासून रोह्यापर्यंत हिच्याइतकी हेकट बाई नाही, आणि इतका हेकटपणा करूनही जिचं सगळं नीटच होतं अशी तर दुसरी नाहीच. माझा राग त्याचाच आहे.

बी सासूबाईंचं होतं. खाडीचा बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं आणि त्यांची ती आखूड, झणझणीत मिरची आणि आंबट टोमॅटो दोन्ही गेले. राहिलं ते डब्याच्या तळाशी. त्या गेल्यावर आम्ही दोघींनी ते अर्धं अर्धं वाटून घेतलं. रुजलं तर रुजलं, नाहीतर सासूबाईंचं बी संपलं. मी रोह्याजवळच्या अष्टमी गावात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. खिडकी एक, तीही समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीकडे तोंड करून. हिच्याकडे तर तेवढीही नाही. घर आणि गणपतीचा कारखाना एकच. आषाढात तिथे पाट मांडायला जागा नसते, जिकडेतिकडे देव. तर या बाईने चहाच्या कागदी कपांत बी पेरलं आणि एकेक कप एकेका गणपतीच्या मोदकाच्या हातावर ठेवला! रंगकामासाठी वर ट्यूबलाइट दिवसभर चालू असतातच. दीर ओरडले तर म्हणाली, "मोदक बसंपर्यंत हात रिकामाच हाय ना त्याचा? धरू दे." एका गिऱ्हाइकाला त्यातलाच गणपती आवडला. "तो नाय. त्याची मिरची अजून लहान हाय, बाजूचा घ्या," म्हणाली. गिऱ्हाइकाने मुकाट्याने बाजूचा घेतला, वर हिलाच नमस्कार करून गेलं. मी असं बोलले असते तर भांडण झालं असतं.

तिचं माहेर मिठागरावरचं, गोड्या पाण्याचा थेंबन्‌थेंब मोजणारं. पाणी घालते ते चमच्याने, तेही कुरकुरत. मी जन्मभर भाताची लावणी केलेली. पाण्यात उभं राहतं ते रोप, एवढंच माझ्या हाताला ठाऊक. मी ट्रेमध्ये बी दाट फेकलं आणि वर पाणी तुंबवून ठेवलं.

ती ट्रेपाशी वाकली. "आक्का, चिखलणी झाली वाटतं. बैल धाडू?"

"तोंड सांभाळ गो," मी म्हणाले.

मग तिने पिशवीतून दोन कप काढले. एकात मिरची, एकात टोमॅटो, दोन्ही ताठ. "सगळ्यात मोठ्या गणपतीकडची हायत. पानी घालू नका, नुसती बघत बसा."

मी चहा दिला. साखर तिला लागते तेवढी घातली.

आता खिडकीत मिरच्या लागल्या आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगते, ही आमच्या सासूबाईंची मिरची. पुढचं कुणी विचारत नाही, म्हणून मी सांगत नाही. माझं एकही रोप वाचलं नाही. जगली ती धाकटीची.