चालत्या गाडीवर चढलेली भाची

माझ्या मोटरसायकलची पहिलीच बॅटरी सहाव्या वर्षीही ठणठणीत आहे, हे पिंपरीपासून चाकणपर्यंत एकाही चहाच्या टपरीला सांगायचं मी बाकी ठेवलं नव्हतं. "तीन-चार वर्षांत बॅटरी बदलतात ती लेचीपेची माणसं, राव! माझ्या बॅटरीवर अख्ख्या पिंपळे गुरवात लग्नाची रोषणाई होईल." सकाळी बटण दाबलं की गाडी दमेकऱ्यासारखी कण्हायची. हॉर्न वाजवला की हेडलाइट मान खाली घालायचा. मी म्हणायचो, थंडी आहे. मे महिना चालू होता.

लातूरहून शिकून आलेली भाची आमच्याकडे राहत होती. तिला चाकणच्या एका कंपनीत मुलाखतीला बोलावलं. ती बसने जाते म्हणाली. मी म्हणालो, "मामा जिवंत असताना बस?"

वेळ भरपूर होता म्हणून मोशीला चहाला थांबलो. टपरीवर चार माणसं दिसली, मग काय! कप रिकामे झाले तरी बॅटरीचं पुराण संपेना. भाची सारखी घड्याळाकडे बघत होती. शेवटी उठलो, बटण दाबलं. टक्. पुन्हा टक्. या नव्या पद्धतीच्या गाडीला किकही नाही.

"भाऊ, रोषणाई कधी लावताय?" टपरीवरून आवाज आला.

इस्त्रीचा पांढरा कुर्ता घातलेली माझी भाची फाइल दातांत धरून गाडी ढकलायला लागली. मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, गाडी गुरगुरली. पण थांबलो तर परत बंद पडेल, या धास्तीने मी थांबेचना. टपरीपुढच्या मोकळ्या जागेत गोल गोल फिरत ओरडत राहिलो, "पळ! धर! बस!" ती मागे धावतेय, चहावाले टाळ्या पिटतायत. तिने एकदाची उडी मारली.

कंपनीच्या गेटवरही मी गाडी बंद केली नाही. ती उतरली तेव्हा कुर्त्यावर चाकाचा काळा पट्टा उमटला होता.

"वडील का?" रखवालदाराने विचारलं.

"नाही, बाईक टॅक्सी," ती म्हणाली आणि मागे न बघता आत गेली.

आयुष्यभर मी डोंगराएवढ्या थापा मारल्या, पण एवढीशी थाप इतकी कधी लागली नव्हती. मी हेल्मेटची काच खाली ओढली आणि भर उन्हात तसाच निघालो, थेट बॅटरीच्या दुकानात.

"किती वर्षं चालली?" दुकानदाराने विचारलं.

सहा म्हणायला तोंड उघडलं होतं. म्हणालो, "गेल्या वर्षीच बदलायला हवी होती."

भाचीला मुलाखतीच्या दुसऱ्या फेरीचं बोलावणं आलं. मी विचारायचं धाडस केलं नाही, तीच म्हणाली, "मामा, सोडतोस?" त्या सकाळी बटणाला बोट लागलं न लागलं तोच गाडी सुरू झाली. दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकून मी थांबलो.

तरी ती दोन पावलं मागे सरकली, ओढणी कमरेला खोचली आणि फाइल दातांत धरली.