माझं गाऱ्हाणं आणि प्रकाशचं हेलिकॉप्टर

माझ्या एका वाक्यामुळे एक अख्खं हेलिकॉप्टर नऊ दिवस जमिनीवर बसून राहिलं, असं आमच्या चाळीचं ठाम मत आहे. हसू नका! चहा घ्या आधी.

मी काही मंत्री नाही. चिंचपोकळीच्या चाळीत राहणारा, बँकेतून रिटायर झालेला साधा माणूस. पण एक खोड आहे. ‘मला माहीत नाही’ हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. बायको म्हणते, यमाने येऊन दुसऱ्या कुणाचा पत्ता विचारला, तरी हे आधी चार गल्ल्या सांगतील.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे माझा आवाज. आमची चाळ सगळी कोकणातली. कुठलंही कार्य असो, नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं. एकाने मोठ्याने मागणं मागायचं, बाकीच्यांनी दर मागण्याला ‘व्हय महाराजा!’ म्हणायचं. हा मान गेली वीस वर्षं माझा. मी सुरुवात केली की समोरच्या चाळीतले लोकसुद्धा जेवता जेवता व्हय म्हणून टाकतात.

आता ऐका. आमच्या मजल्यावर प्रकाश तावडे राहतो. सतरा वर्षं लष्करात होता, मग पेन्शन घेऊन घरी आला. चाळिशीकडे झुकलेला, काटक, कमी बोलणारा. बायको सुजाता परळच्या हॉस्पिटलात नर्स आहे आणि आई म्हणजे आमच्या तावडे काकी. परत आल्यावर तो महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी असायचा. सिक्युरिटीत लागला असेल, असं मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं, तरीही.

जानेवारीत तो आठवडाभर घरी आला. एका दुपारी मी गॅलरीतून चाललो होतो, तर हा आपला प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेला. डोळे मिटलेले. दोन गुडघ्यांच्या मध्ये झाडूचा दांडा उभा धरलेला. डावा हात बाजूला, पंपाचा दांडा ओढावा तसा हळूहळू वर, मग खाली. आणि दोन्ही पाय आळीपाळीने झटके देतायत! तोंडाने इंग्रजी आकडे चालू.

मी खांबाआड उभं राहून बघितलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, वर घाम!

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? सरळ विचारेल, बाबा रे, हे काय चाललंय? मी काय केलं? जवळ गेलो, खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “प्रकाश, मला सगळं माहीत आहे. तू मोकळेपणाने बोल.”

त्याचा चेहरा एकदम खुलला. “आईने सांगितलं वाटतं? बरं झालं. अण्णा, डाव्या हाताचं जमतंय हो. पण हात वर घेतला की त्याच क्षणी पाय पण द्यावा लागतो ना, तो पाय ऐकत नाही.”

“असं कधीपासून होतंय?”

“तीन महिने. सर म्हणतात, सगळ्यांचं असंच होतं. एक दिवस आपोआप बसेल.”

सर! म्हणजे ह्याच्यामागे कोणीतरी आहे तर. “पैसे घेतात का रे ते?”

“अण्णा, फुकट कोण देणार? योजनेतून थोडी मदत मिळाली. पण बाकी फंड, ग्रॅच्युइटी, गावच्या घराच्या छपराचे ठेवलेले, सगळे घातले. शेवटचा हप्ता कालच भरला.”

मी आणखी जवळ सरकलो. “आणि पुढे?”

“येत्या बुधवारी मला एकट्याला सोडणार. सकाळी, मोकळ्या मैदानात.” हे बोलताना त्याचे डोळे चमकले. “फक्त कोणाला सांगू नका. होऊन जाऊ दे आधी.”

घरी येऊन बायकोला म्हटलं, “पोरगा कुठल्यातरी बुवाच्या तावडीत सापडलाय. सगळा फंड गेला! बुधवारी त्याला मैदानात एकटा सोडणार आहेत.”

“तुम्ही विचारलंत का, कशासाठी?”

“विचारायचं काय त्यात? मला माहीत आहे!”

कोणाला सांगू नका म्हणाला होता, म्हणून मी फक्त चाळ कमिटीला सांगितलं. कमिटीत अकरा जण. संध्याकाळपर्यंत तावड्यांचं घर सोडून सगळ्या चाळीला कळलं. लोक प्रकाशला बघून हळूच बाजूला व्हायला लागले. एका वहिनींनी त्याच्या उंबऱ्यावर लिंबू ठेवलं. सुजाताने उचलून त्याचं सरबत केलं.

रविवारी चाळीची सत्यनारायणाची पूजा होती. प्रकाश दुपारीच बॅग घेऊन निघून गेला. मी म्हटलं, आता आपल्या हातात एकच उपाय उरला. संध्याकाळी अंगणात अख्खी चाळ जमलेली. मी नारळ ठेवला, डोळे मिटले आणि आवाज लावला.

“बा देवा महाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत. जी काय वेडीवाकडी सेवा केली, ती गोड मानून घे रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

“आमच्या तावड्यांच्या झिलाक, प्रकाशाक, कोणी भुलवल्यान असात, तर तेचो कायमचो बंदोबस्त कर रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

“बुधवारी तेका एकट्याक सोडूचो बेत कोणी केल्यान असात, तर तो मोडून टाक रे महाराजा! तेचे पाय जमनीवरच रवांदेत रे महाराजा!”

“व्हय महाराजा!” असा गजर झाला की मंडपाचं कापड हललं. मी समाधानाने डोळे उघडले. समोर तावडे काकी. हातात शिऱ्याची परात आणि चेहरा लालबुंद.

“अण्णा! काय ह्या मागितलंस रे तू देवाकडे?”

“काकी, तुमच्यासाठीच...”

“मेल्या, तो हेलिकॉप्टर चलवूक शिकता! बुधवारी तेका पयल्यांदा एकट्याक उडूक सोडतले! आणि तू सांगतंस, पाय जमनीवर रवांदेत? वर माझ्या तोंडान पण व्हय म्हणान घेतलंस!”

अंगणातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग माझ्या बायकोचा आवाज आला, “ह्यांना माहीत होतं म्हणे सगळं.”

काकी परात ठेवून खाली बसल्या आणि तिथेच सगळं सांगितलं. झाडूचा दांडा म्हणजे हेलिकॉप्टरचा दांडा, पायाचे झटके म्हणजे पेडलचा सराव. प्रकाश लष्करात होता तो हेलिकॉप्टर दुरुस्त करणाऱ्यांत. सतरा वर्षं नट आवळले, काच पुसली, सगळं तपासून सही केली आणि बाजूला उभा राहिला. उडवणारे दुसरे. त्याला मनातून उडवायचं होतं. पण उडवायच्या लायसन्सला लागते सायन्सची बारावी आणि हा दहावीनंतर भरती झालेला. मग नोकरीत असताना, निम्म्या वयाच्या मुलांबरोबर बसून बारावी दिली. फिजिक्समध्ये एकदा नापास झाला, पुन्हा बसला. सैनिक म्हणून सगळं फुकट मिळेल, असं मी म्हणालो असतो. तसं काही नव्हतं, योजनेतून थोडेच मिळाले. आयुष्याची पुंजी घालावी लागली. सुजाताने डबल ड्युट्या धरल्या. गावचं घर गळत होतं, तरी छपराचे पैसे काकींनीच काढून दिले.

“मी म्हटलंय तेका,” काकी डोळे पुसत म्हणाल्या, “छप्पर थांबात रे. तुझा वय थांबूचा नाय.”

खरं सांगतो, त्या क्षणी मला फार लाज वाटली आणि त्या माणसांबद्दल फार आदर वाटला. आपण रिटायर झालो तेव्हा काय केलं? आरामखुर्ची घेतली!

पण गोष्ट इथे संपत नाही. देवाने माझं ऐकलं ना!

बुधवारी तिकडे, तो शिकत होता त्या मैदानावर, एवढं धुकं पडलं की उडणं रद्द. गुरुवारी धुकं. शुक्रवारी ऊन पडलं, तर हेलिकॉप्टरचा कसलासा पार्ट गेला. पार्ट आला तेव्हा शिकवणाऱ्या सरांना ताप भरला. म्हणजे बंदोबस्त अगदी क्रमाने चालू होता! सुजाता ड्युटीवरून येताना माझ्या दाराशी थांबून रोज सांगायची, “आज पण नाही, अण्णा.” तिच्या आवाजात राग नसायचा. म्हणून जास्त लागायचं. कारण तिथे रिकामा बसला तरी राहण्याजेवणाचा खर्च चालूच, आणि ह्यांच्याकडे आता घालायला काही उरलं नव्हतं.

चाळीने तर मला वाळीतच टाकलं. वाण्याकडे गेलो तर वाणी म्हणे, “अण्णा, आमच्या धंद्यासाठी काही मागू नका हां!”

शेवटी दुसऱ्या गुरुवारी काकींनी हुकूम सोडला. ज्या तोंडाने मागितलं, त्याच तोंडाने परत घ्यायचं. नारळ माझ्या खर्चाने. अख्खी चाळ पुन्हा अंगणात. मी नारळ ठेवला आणि डोळे मिटले.

“बा देवा महाराजा! पूजेच्या दिवशी ह्या तुझ्या लेकरान काय माहीत नसताना तोंड उघडल्यान. तेची चूक पोटात घाल रे महाराजा!”

“व्हय महाराजा!!” एवढ्या उत्साहाने ही माणसं ह्याआधी कधी ओरडली नव्हती.

“आमच्या प्रकाशाक वर ने रे महाराजा!”

सगळे काकींकडे बघायला लागले. एकही व्हय नाही. काकी उठून उभ्या राहिल्या. “आणि खाली कोण हाडतलो? तुझो बापूस?”

“वर ने आणि सुखरूप खाली हाड रे महाराजा!” मी घाईघाईने खाली आणायचंही मागून टाकलं.

“व्हय महाराजा!”

शुक्रवारी सकाळी व्हिडिओ आला. अंगणात एका फोनभोवती चाळीस डोकी. हेलिकॉप्टर जरासं डुललं, सावरलं आणि उचललं गेलं. आत एकटा आमचा प्रकाश. एक मोठी फेरी मारून ते अलगद खाली बसलं. तो उतरला, तशी सोबत्यांनी पहिल्या उड्डाणाची रीत म्हणून त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं. आणि त्याने काय केलं माहीत आहे? ओल्याचिंब बाहीने आधी हेलिकॉप्टरची काच पुसली. सतरा वर्षांची सवय! काकी फोनच्या काचेवरून नुसता हात फिरवत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात प्रकाश पेढे घेऊन आला. मी सरळ माफी मागितली. तो हसला. “अण्णा, नऊ दिवस मिळाले म्हणून तर स्टुलावर बसून पायाचं नीट बसवता आलं. अजून बरेच तास उडायचंय, पण लायसन्स मिळालं की पहिले पॅसेंजर तुम्ही. घाबरणार नाही ना?”

आता ट्यूबलाइट बदलताना स्टुलावर चढलो तरी मला खाली बघवत नाही, बायकोला स्टूल धरावं लागतं. पण तोंड माझंच! “छे रे,” म्हटलं, “हेलिकॉप्टरचं मला सगळं माहीत आहे.”

तो गेला. मी दार लावलं, देवासमोर नारळ ठेवला आणि अगदी हळू आवाजात सुरुवात केली, “बा देवा महाराजा, ता परत घेतलेला गाऱ्हाणा फक्त प्रकाशापुरता हा. माझे पाय मात्र जमनीवरच रवांदेत रे महाराजा...”

स्वयंपाकघरातून बायको खणखणीत आवाजात म्हणाली, “आणि तोंड बंद रवांदे रे महाराजा!”

आणि काय सांगू, समोरच्या चाळीतून आवाज आला, “व्हय महाराजा!”