तळहातावरचा परागकण

अहो, फुलाला बोट लावावे आणि बोटाला पिवळी भुकटी चिकटावी, एवढीच आपली परागाशी ओळख! पण विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या त्या बाईंचा जीव जन्मभर त्या भुकटीतच गुंतलेला. चष्म्यावर पिवळे, बाहीवर पिवळे. विद्यार्थी त्यांना परागबाईच म्हणत. घड्याळे दुरुस्त करणारे त्यांचे यजमान म्हणत, "या घरात माझ्यापेक्षा त्या धुळीची विचारपूस जास्त!"

एका वर्षी वर्गात एक मुलगी आली. जन्मापासून दृष्टी नाही, आणि हट्ट असा, की शिकेन तर वनस्पतिशास्त्रच. पाने, खोडे, मुळे तिने बोटांनी जाणली. पण परागकण? तो तर सूक्ष्मदर्शकावाचून डोळसालाही दिसत नाही!

विभागप्रमुख मनाने वाईट नव्हते. म्हणाले, "बाई, प्रात्यक्षिकात परागकणच कळला नाही, तर तिला पुढे कसं पाठवू? दुसरा विषय घ्यायला सांगा तिला."

"परीक्षेपर्यंत थांबा, सर. तोवर मी बघते काय ते."

विद्यापीठात नवा सूक्ष्मदर्शक आला होता. तो कणाची थराथराने छायाचित्रे घेई, आणि संगणक ते थर रचून अख्खा कण पडद्यावर उभा करी. अभियांत्रिकी विभागात त्रिमितीय प्रिंटर होता. पडद्यावरचा आकार तो हवा तेवढा मोठा करून प्लास्टिकमध्ये घडवून हाती देई. निवृत्तीला टेकलेल्या बाई ही दोन्ही यंत्रे शिकायला नवख्या विद्यार्थिनीसारख्या बसल्या.

जास्वंदीचा पहिला कण मुलीने हातात फिरवला.

"बाई, रागावू नका हं. मला हे लिंबू वाटतंय."

बाई खो खो हसल्या आणि एकदम थबकल्या. कणावरचे काटे हा छायाचित्रातला कचरा, असे समजून संगणकाने ते साफ पुसले होते! बाईंनी ती सफाई थांबवली आणि सारे थर पुन्हा रचले.

दुसरा कण निघाला तो चेंडूएवढा, सर्वांगाने काटेरी. बाईंनी तो उचलला, काटे तळहाताला टोचले, आणि त्यांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. इतकी वर्षे ज्याचे दुरून दर्शन घेतले, तो आज हाती आला! केवढे हे कोरीवकाम, आणि कशावर? फुंकरीने उडून जाणाऱ्या भुकटीच्या एका कणावर!

परीक्षेच्या दिवशी प्रमुखांनी मुद्दाम नवा घडवून घेतलेला, तिने कधीच न हाताळलेला कण पुढे ठेवला. मुलीची बोटे त्यावरून फिरली, थांबली, पुन्हा फिरली.

"नाव नाही सांगता येणार, सर."

बाई पाऊलभर पुढे आल्या.

"पण याला काटे नाहीत. किड्यांच्या अंगाला हा कशाने चिकटणार? आणि हे दोन बाजूंचे फुगे... आत हवा असते का यांच्या?" तिचा चेहरा उजळला. "सर, हा उडतो! हा वाऱ्यावर बसून जातो!"

तो चीड, म्हणजे पाइन वृक्षाचा कण होता, आणि खरोखरच वाऱ्यावर जाणारा. प्रमुखांनी तो हाती घेतला, चष्मा काढला, डोळे मिटले आणि त्या फुग्यांवरून हळूहळू बोट फिरवू लागले.

"सर, हिचं काय करायचं?" बाईंनी दबल्या आवाजात विचारले.

"पुढे जाऊ दे तिला," डोळे न उघडताच ते म्हणाले. "आणि बाई, तो काटेरी कुठाय? तोही द्या जरा इकडे."