मिठागरातलं ऊन

मिठागरात ऊन दोनदा लागतं. एकदा आभाळातून, आणि दुसऱ्यांदा पायाखालच्या पांढऱ्या मिठावरून उसळून. माझी वैजामावशी डोक्यावरून पदर घट्ट बांधून मीठ ओढते. वरचं ऊन पदरावर थांबतं, खालचं सरळ तोंडावर येतं. तिच्या खालच्या ओठावर एक जखम आहे. गेल्या हंगामापासून ती भरलेली नाही.

"मावशी, डॉक्टरांना दाखव ना."

"मिठात राबणाऱ्याचं कधी काही सडतं का गं? पाऊस लागला, काम थांबलं की दाखवीन. तू आपली ती आरोग्य केंद्राची पत्रकं वाट."

उन्हातले न दिसणारे किरण कातडीच्या पेशीतला डीएनए बिघडवतात. शरीर तो बिघडलेला तुकडा कापून काढतं, नवा सांधतं, रोज. पण तेच किरण कातडीतल्या राखणदार पेशींनाही गुंगी आणतात. मग दुरुस्तीतून सुटलेली एखादी पेशी बेफाम वाढू लागली, तरी तिला अडवायला कुणी जागं नसतं; कातडीचा कर्करोग बहुतेकदा असाच, न दुखता वाढतो. घाव घालणाराच आधी पहारा उठवतो. ही रीत मला अनोळखी नाही. आमच्या मिठागराच्या मालकानं सावलीसाठी मांडव मागणाऱ्या दोघींना कामावरून काढलं, तेव्हापासून मांडवाचं नाव कुणी घेत नाही.

पावसाला अजून अवकाश आहे. आज मी पुन्हा विषय काढला, तर मावशीनं ओठावर बोट दाबून दाखवलं.

"हे बघ, आता दुखतसुद्धा नाही," ती हसून म्हणाली, आणि पदर सारखा करून त्या लखलखाटावर पुन्हा वाकली.