घसा बसला त्या दिवशी

गिरणी सुटली की तिथले एक कामगार भोईवाड्याहून माझ्याकडे इंग्रजी निबंध शिकायला येत. वयानं मोठे, तरी मला ‘सर’ म्हणायचे. लिहिलेलं मोठ्यानं वाचत आणि कानाला खटकलं की स्वतःच खोडत. मी पेन्सिल उचलली की म्हणत, “थांबा सर, परीक्षेला तुम्ही नाय येणार.” मला जरा रागच यायचा.

एकदा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चातून ते थेट आले. घोषणा देऊन घसा पार बसला होता. निबंध त्यांनी माझ्यापुढे सरकवला. मी मोठ्यानं वाचू लागलो आणि सवयीनं एक चुकलेलं वाक्य सुधारूनच वाचलं. लगेच टेबलावर टकटक झाली. त्या वाक्यावर बोट ठेवून ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “माझी चूक मला ऐकू द्या, सर.”