बाहेर न पडलेली अक्षरं

साबणाच्या कंपनीला अशी अक्षरं हवी होती, की ती धावत्या बसमधूनही डोळ्यांत भरावीत. अक्षरं रेखाटणं हेच तिचं काम, आणि या कंपनीसाठी ती वर्षभर एकच फॉन्ट काढत होती. शिरोरेषा चौकटीच्या लाकडासारखी रुंद, उभ्या रेघा खांबासारख्या. जाड अक्षराची अडचण असते ती पोटातल्या, म्हणजे रेघांमधल्या मोकळ्या, जागेची. रेघ जाड होत जाते तसं पोट बुजतं आणि लांबून नुसता काळा गोळा दिसतो. ‘क’ बुजू नये म्हणून तिने सांध्यावर एक बारीक तिरकी खाच पाडली होती. मग तीच खाच तिला उंदराने कुरतडल्यासारखी वाटू लागली आणि ती काढून टाकायचं तिने ठरवलं. हे सगळं तिच्या लॅपटॉपवर होतं. कंपनीने पाहिली होती ती फक्त सुरुवातीची हाताने काढलेली चित्रं. त्यात खाच नव्हती.

नवरा गेल्यापासून ती दिराकडे मागच्या खोलीत राहायची. दीर एका बिल्डरच्या कामांवर देखरेख करायचा आणि बिलं छापायला तिचाच लॅपटॉप घ्यायचा.

“वहिनी, तुमची अक्षरं फारच खाऊनपिऊन सुखी दिसतात. जरा उपाशी ठेवा की.”

“तुमच्यापेक्षा बरी, भावजी. सांगितलं की ओळीत उभी राहतात.”

घरात हसण्याचं म्हणाल तर एवढंच. जाऊ फारशी बोलायची नाही.

त्या सकाळी पाव घेऊन येताना समोरच्या जुन्या इमारतीच्या दारावर तिला एक कागद चिकटवलेला दिसला. ‘खोल्या रिकाम्या करा. पुढे जे होईल त्याला तुम्हीच जबाबदार.’ ही जागा दिराच्या बिल्डरला हवी होती, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. गेल्याच आठवड्यात जिन्याखालचे विजेचे मीटर जळाले होते आणि दोन बिऱ्हाडं सामान घेऊन निघूनही गेली होती.

वरच्या मजल्यावर राहणारी, शिवणकाम करणारी मावशी कागदासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले.

“छापलंय मात्र झोकात,” मावशी म्हणाली. “धमकी आहे की सर्कशीची जाहिरात!”

लोक मजकूर वाचत होते. ती ‘क’कडे बघत होती. सांध्यावर खाच होती. ही खाच तिच्या लॅपटॉपबाहेर कुठेच नव्हती.

दुपारी जेवताना दिराने विचारलं, “साबणवाल्यांचं काम कधी पाठवताय?”

“थोडं राहिलंय.”

“पाठवून टाका हो. एकदा गावभर तीच अक्षरं झळकली, की कोणी कुठे काय छापलं, कोण विचारतंय?” त्याने भाताचा घास घेतला. “आणि ‘क’ची ती खाच राहू द्या. शोभते.”

खाचेबद्दल तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. जावेने वाढायला उचललेला डाव तसाच हातात राहिला.

जेवणं आटोपली तोच कंपनीचा फोन आला: आजच हवं. ती लॅपटॉपसमोर बसली. फाईल पाठवली की ही अक्षरं कुणाचीही होणार, आणि दारावरचा कागद कुठल्या घरातून निघाला हे पुन्हा कधी सांगता येणार नाही. दीर दात कोरत दारात येऊन उभा राहिला.

“गेलं का?”

“नेट चालत नाहीये, भावजी.”

“चालतंय की. आत्ताच बघितलं मी.”

“मग यातच काहीतरी बिघडलंय. दुकानात दाखवून आणते.”

“चला, मी येतो बरोबर.”

ती चार्जरची वायर गुंडाळू लागली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून जावेचा आवाज आला, “तुम्हाला साइटवर जायचंय ना? साहेबांचा दोनदा फोन येऊन गेला. जाऊ दे तिला.”

तो वळून बायकोकडे बघत राहिला. तेवढ्यात ती लॅपटॉप पिशवीत घालून बाहेर पडली.

ती तडक समोरच्या इमारतीत मावशीकडे गेली. मावशीने मशीन न थांबवता सगळं ऐकलं. मग पायंडलवरचा पाय काढला.

“म्हणजे घरातलाच निघाला. आणि तू आता परत कुठे जाणार?”

“ते नाही ठरवलं.”

“मग आधी चौकीवर जाऊ. राहायचं नंतर बघू.” शेजारणीला वडिलांपाशी बसवून तिने चपला घातल्या आणि उतरताना दारावरचा कागद सोडवून घेतला.

चौकीतला हवालदार म्हणाला, “जाड अक्षरं काय, पैशाला पासरी.” तिने तो कागद लॅपटॉपच्या पडद्याशेजारी धरला आणि दोन्हींतली ‘क’ची खाच दाखवली. त्याने बराच वेळ पाहिलं, दोन्हींचे फोटो काढले, आश्वासन मात्र कसलंच दिलं नाही. दिराला चौकशीला नेलं आणि संध्याकाळी सोडलं. पोलिसांचं कळल्यावर साबणवाल्यांनी काम दुसऱ्याला दिलं. ती मावशीकडेच राहिली.

दोन-तीन दिवसांनी तिचे कपडे घेऊन दीर स्वतः आला. तीन जिने चढूनही त्याला धाप लागलेली नव्हती. पिशवी उंबऱ्याशी ठेवून त्याने छताकडे पाहिलं.

“वहिनी, इथल्या तारा फार जुन्या आहेत हो. जपून राहा.” मग मावशीकडे वळून हसला. “येतो हं मावशी.”

त्याचे बूट जिन्यावरून सावकाश उतरत गेले. खालचं दार लागल्याचा आवाज आला. मग मावशीने वडिलांच्या खाटेची एक बाजू उचलली, तिने दुसरी उचलली, आणि वेळ आली तर वडिलांना पटकन बाहेर काढता यावं म्हणून दोघींनी ती खाट दाराजवळ आणली.